दोघांनाच ठाऊक

बेलपाडा, खारघर
१२ मार्च २०२५

हितेश,

तुझा नंबर बंद लागतो. माझा फोन अजून पोलिसांकडे आहे आणि तो परत मिळावा असं मला फारसं वाटतही नाही. सत्यवती काकीचा भाचा तिकडे जयगडला असतो, त्याच्याकडून तुझा पत्ता मिळाला. बंदरावर नोकरी लागली, राहायला खोली मिळाली एवढं कळलं. जेवणाचं काय करतोस ते कळलं नाही. कळवायचं असतं तर जाताना सांगून गेला असतास म्हणा.

तू गेल्यावर इथे काय झालं ते कोणीतरी तुला तिखटमीठ लावून सांगेलच. त्यापेक्षा मीच सगळं एकदा क्रमानं लिहून टाकते. मग हा विषय माझ्याकडून बंद.

अंकितानं तुझ्याशी ठरलेलं लग्न मोडलं, ते निदान तोंडावर सांगून मोडलं. मला तिचा राग आला होता, नाही म्हणत नाही. पण पुढे तिचं उरणच्या मुलाशी ठरलं आणि ऐन हळदीच्या तोंडावर कोणीतरी तिच्या नावाचं खोटं खातं काढून त्या मुलाच्या घरच्यांना नको नको ते मेसेज आणि फोटो पाठवले. घातलेला मांडव उतरवावा लागला. पोलिसांनी माग काढला तेव्हा ते सगळं आपल्या घरच्या वायफायवरून गेलेलं निघालं.

त्या दिवशी तू जिन्यात उभा होतास. साहेबांनी विचारलं, वायफायचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आमच्या दोघांशिवाय कोनाला नाय. शेजारचे मागायला येतात, पन आमी कोनाला दिला नाय." खोटं काय होतं त्यात? आई जन्मभर लोकांच्या लग्नात धवले गायली. त्यातला जो धवला ती फक्त आपल्या घरच्या हळदीत म्हणायची, पासवर्डासाठी त्याचे दोन शब्द तू उलटे फिरवलेस आणि मधे तिचं जन्मसाल घातलंस. कोणाला सुचलं असतं? मला त्याचा अभिमान होता. बोलून झाल्यावर मी तुझ्याकडे पाहिलं तर तू माझ्याकडेच बघत होतास. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून निघून गेलास. त्याचा अर्थ मला समजायचा तो समजला.

मग गावकी बसली. काशीराम काका म्हणाले, अंकिताचा बाप तक्रार पुढे नेणार नाही, पण ज्यानं केलं त्यानं गावदेवीपुढे नारळ ठेवून सगळ्यांसमोर कबूल करायचं. तुझं नाव एकदा पोलिसांत लागलं असतं तर कुठल्या बंदरावर तुला कोणी उभं केलं नसतं. म्हणून मी आंघोळ करून गेले, नारळ ठेवला आणि मी केलं असं सांगितलं. कोणाला आश्चर्य वाटलं नाही. ते जरा लागलं. नंतर तेही लागेनासं झालं.

का केलंस ते मी विचारणार नाही. तू केलंस, मी निस्तरलं. मी सासरहून परत आले तेव्हा तू सहावीत होतास, तेव्हापासून आपलं हेच चाललंय. उन्हात डोक्याला काहीतरी बांधत जा.

कुमुदताय


जयगड
२९ मार्च २०२५

ताय,

पत्र मिळालं. खोलीत आणखी दोघं असतात, म्हणून धक्क्यावर जाऊन वाचलं. मी क्रेनवर आहे. खानावळीत जेवतो. मासे ताजे असतात, कालवणाला चव नसते.

मी ते केलेलं नाही.

तू लिहिलंस म्हणून मीही एकदाच लिहितो. मी जिन्यात तुझ्याकडे का बघत होतो ते सांगतो. पासवर्ड दोघांनाच माहीत असेल आणि मी केलं नसेल, तर उरलं कोण? यात डोकं लावण्यासारखं काही नव्हतं. अंकितानं लग्न मोडलं तेव्हा मी गप्प बसलो होतो. तू तिच्या दारात गेली होतीस. "तुज्या मांडवात धवला म्हनायला मी येनार नाय, आनि दुसरी कोन येते ते पन बघते," असं तू म्हणालीस ते सगळ्या आळीनं ऐकलं. धवल्यांचे व्हिडिओ तू स्वतः काढून स्वतः टाकतेस. आणखी एक खातं काढणं तुला जड नव्हतं.

मी रागावून गेलो नाही, हेही सांगून ठेवतो. मी घरी राहिलो असतो तर साहेबांनी मला वेगळं बसवून पुन्हा विचारलं असतं. तुझ्याबद्दल विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं आणि खरं बोलवलं नसतं. म्हणून निघालो. दुसरा काही अर्थ नव्हता.

नारळ ठेवलास ते बरं केलंस. मिटलं. पण माझ्यासाठी ठेवलास असं लिहू नकोस. गावाला खरं सांगून मोकळी झालीस, मग मला एकट्याला खोटं का सांगतेस? मी तुला काही म्हणणार नव्हतो. आताही म्हणत नाही.

इथे ठीक आहे. सकाळी वर चढतो, संध्याकाळी उतरतो. वरून सगळी खाडी दिसते. खूप छान दिसतं असं सगळे म्हणतात. दिसत असेल.

हितेश


बेलपाडा
२० एप्रिल २०२५

हितेश,

तुझं पत्र तांदळाच्या डब्याखाली ठेवलं आणि भात लावला. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

लग्नाचे दिवस आहेत. दरवर्षी या दिवसांत माझा घसा बसलेला असतो आणि तू मला ज्येष्ठमध आणून देतोस. यंदा घसा ठणठणीत आहे. एकाही घरून बोलावणं आलं नाही. आईच्या वेळेपासून ज्यांच्या घरी आपल्याशिवाय हळद दळली जात नव्हती, ते रस्त्यात दिसले की दुकानात शिरतात. त्यांचंही बरोबर आहे. जिनं मांडव उतरवला तिच्या तोंडचा धवला नवरीनं कशाला ऐकावा?

परवा पलीकडच्या घरी हळद होती. त्यांनी तळोज्याहून धवलारीण आणली. बाई चांगली होती, पण शेवटच्या कडव्यात नवऱ्याच्या मामाला आत्याच्या जागी बसवलंन. मी खिडकीत जवळा निवडत होते. पूर्वी कुठूनही धवला कानावर आला की माझे ओठ आपोआप हलायचे. या वेळी हलले नाहीत. मला वाटलं, आता वाईट वाटेल. वाट बघितली. जवळा निवडून झाला, मग मी उठले.

आता तुझ्या पत्राचं. अंकिताला मी बोलले ते बोलले. बोलायला नको होतं. पण मला पाठीमागून काही करायचं असतं तर मी दारात उभी राहून सगळ्या आळीला ऐकवलं असतं का? तू मला ओळखतोस. मी भांडते ती समोर भांडते आणि मग रात्रीचं कालवण त्यांच्याच घरी पाठवते. मी ते खातं काढलेलं नाही. आईची आण. आता याहून मोठं माझ्याकडे काही नाही.

तू चिडून केलंस, तरणा माणूस आहेस, तुला सोडून ती दुसरीकडे बोहल्यावर उभी राहत होती. मला समजतं. मला फक्त एक पाहिजे. एकदा लिही की तू केलंस. मी रागावणार नाही, वाचून चुलीत घालीन. तुझ्यासाठी मी गावदेवीसमोर खोटं बोलले, तर तुझ्यामाझ्यात तरी ते खरं असू दे. घरात एकटी बसते तेव्हा कधीकधी मला वाटायला लागतं की मीच केलं असेल आणि विसरून गेले असेन. असं वाटणं बरं नाही.

कुमुदताय


जयगड
४ जून २०२५

ताय,

उत्तराला उशीर झाला. मासेमारी बंद झाली, खानावळीत रोज अंडी असतात.

बरं. मी केलं. अंकिताचा राग आला होता म्हणून केलं.

आता नीट जेवत जा. गच्चीवरचा पत्रा पावसाच्या आधी बांधून घे.

हितेश


बेलपाडा
१७ जून २०२५

हितेश,

पत्र मिळालं. वाचलं आणि सांगितल्याप्रमाणे जाळलं.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. पण निदान आता मला माझ्याबद्दल शंका येत नाही, ते एक बरं. मी तुला माफ केलं आहे. तू मागितली नाहीस, तरी केलं.

पत्रा बांधून घेतला.

कुमुदताय


बेलपाडा
११ सप्टेंबर २०२५

हितेश,

तुझं मधे काही आलं नाही, मीही लिहिलं नाही. गणपती आले आणि गेले. दीड दिवसाचा आणला, आरतीला शेजारची दोन पोरं आली होती, ती प्रसादासाठी. हे सांगायला पत्र लिहीत नाही. बसून वाच.

गेल्या आठवड्यात काशीराम काकांच्या दारात पोलीस आले. एका बिल्डरला कोणीतरी जिवे मारायच्या धमक्या पाठवल्या होत्या आणि त्या काकांच्या घरच्या वायफायवरून गेल्या होत्या. काकांच्या घरात आहे कोण? ते आणि सत्यवती काकी. काकीला फोन आला तर ती अजून पदराला हात पुसून मग उचलते आणि बोलून झाल्यावर कुठे दाबायचं ते काकांना विचारते. साहेबांनी काकांना तेच विचारलं, पासवर्ड कोणाला माहीत आहे. काका म्हणाले, "आमच्याबिगर कोनाला नाय." काकी मला सांगत होती, त्यानंतर त्यांनी पाणी मागितलं आणि ते हातात धरूनच बसले.

सत्तरीचा म्हातारा बिल्डरला धमक्या देईल हे साहेबांनाही पटेना. तेव्हा सायबरवाल्या रेवा मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या. वयानं तुझ्याएवढ्या असतील. त्यांनी काकांना विचारलं की हा वायफायचा डबा कोणी बसवला. केबलवाल्यानं. आपल्या आळीत सगळ्यांकडे त्याचाच डबा आहे, एकाच जातीचा. मॅडमनी सगळ्यांसमोर करून दाखवलं. त्या डब्याच्या आत एक पान असतं, त्यावरून त्याचं सगळं चालवतात. ते उघडायला गेलं की पासवर्ड विचारतो. पण पत्ता जरा वेगळ्या तऱ्हेनं टाकला की डबा काही न विचारता आत घेतो. पुढून कुलूप आणि मागचं दार उघडंच. त्यात केबलवाल्यानं दर तक्रारीला आळीत यायला नको म्हणून ते पान बाहेरूनही उघडेल अशी सोय करून ठेवलेली. कंपनीनं म्हणे यावर दुरुस्ती काढली होती, ती यानं कधी घातली नाही. आणि आतल्या त्या पानावर वायफायचा पासवर्ड स्वच्छ लिहिलेला असतो. तो बघायचा आणि मागच्या टॉवरमध्ये नाहीतर रस्त्यावर गाडीत बसून दुसऱ्याच्या घराच्या नावावर काय वाटेल ते करायचं.

मग काकांनीच मॅडमना आपल्याकडे आणलं. काका उंबऱ्याच्या बाहेर थांबले. मॅडमनी आपल्या डब्याचं पान उघडलं. काही विचारलं नाही त्यानं. पांढऱ्या पानावर इंग्रजी अक्षरांत आईचे शब्द, तू फिरवलेले, मधे तिचं साल. मॅडम म्हणाल्या, "हाच ना?" मी हो म्हटलं. आतल्या नोंदींत आपल्या ओळखीचा नसलेला कोणाचा तरी फोन होता, मागच्या फेब्रुवारीपासून. कोणाचा ते अजून सापडलेलं नाही. सापडेलच असं नाही, असंही त्या म्हणाल्या. अंकितावर कोणाचा एवढा राग होता की नुसताच खेळ होता, तेही माहीत नाही. मी त्यांना चहा विचारला. त्यांना घाई होती.

त्या गेल्यावर मी खुर्चीवर बसले. मला रडायचं होतं. आलं नाही.

तू केलेलं नव्हतंस. पहिल्याच पत्रात तू मला ते सरळ लिहिलं होतंस, एका ओळीत. मी मानलं नाही. मी तुला आईची आण घालून सांगितलं, ते तू मानलं नाहीस. आणि मग जूनमध्ये तू लिहिलंस की मी केलं, ते मात्र मी त्याच क्षणाला मानलं. आपण एकमेकांना खरं सांगितलं तेव्हा कोणाला पटलं नाही, खोटं सांगितलं ते लगेच पटलं. हे डोक्यातून जात नाही.

तू का कबूल केलंस रे? न केलेलं का कबूल केलंस?

काकांचं म्हणणं आहे की दसऱ्यानंतर गावकी बसेल. माझा नारळ ते परत देणार आहेत, अंकिताचा बाप येणार आहे. दोघांनी यावं असा निरोप आहे. येशील का?

कुमुदताय


जयगड
२२ सप्टेंबर २०२५

ताय,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. उघडून वाचलं. मग उरलेलं जेवलो. समोरचा विचारत होता, घरून काय आलं, तर बरं आहे म्हणालो.

का कबूल केलं ते विचारलंस. तू मागितलंस म्हणून. मला शेवटपर्यंत वाटत होतं की तूच केलंस आणि ते तुला पेलवत नाही, म्हणून माझ्यावर ढकलते आहेस. तू लिहिलंस ना, मीच केलं असेल आणि विसरले असेन असं वाटतं. ते मी कबुलीच धरली. मनात म्हटलं, ताय सुटायला बघतेय. एक महिना विचार केला आणि म्हटलं, घेऊ अंगावर. मला इथे कोण ओळखतं? तू मला मोठं केलंस, माझ्या नावावर एक खोटं पडलं तर काय बिघडलं? ते पत्र टाकल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. तुझ्यासारखंच, काही वाटलं नाही.

म्हणजे तू माझ्यासाठी खोटं बोललीस, मी तुझ्यासाठी खोटं बोललो. ऐकणारा म्हणेल किती प्रेम आहे. प्रेम होतंच, ते मी नाकारत नाही. पण ते करताना तू मला एका पोरीची अब्रू चव्हाट्यावर मांडणारा समजत होतीस आणि मी तुला. आणि तरीही आपण एकमेकांना जेवलास का, पत्रा बांधलास का विचारत होतो.

मी केबलवाल्यावर राग काढून बघितला. त्या कोणावर तरी, ज्याचा फोन नोंदीत आहे, त्याच्यावर काढून बघितला. येत नाही. पुन्हा पुन्हा एकच आठवतं. साहेबांनी विचारलं, तू उत्तर दिलंस आणि त्याच मिनिटाला आपण दोघांनी ठरवून टाकलं. एक दिवससुद्धा लागला नाही. आपल्या घरात बाहेरचं कोणी शिरलं असेल हे आपल्याला सुचलंच नाही. ताय, मला आता एवढंच विचारावंसं वाटतं की आपण एकमेकांना कधी ओळखत होतो का. उत्तर देऊ नकोस, मलाही माहीत नाही.

रजा टाकली आहे. येतो.

हितेश


बेलपाडा
१६ ऑक्टोबर २०२५

हितेश,

पोचल्याचा निरोप काकीच्या भाच्याकडून मिळाला. तू गेल्यावर घर आवरलं. तुझी निळी पँट राहिली आहे, कोणी येणार असेल तर पाठवते.

गावकी झाली ती तू पाहिलीसच. लोक नंतर मला विचारत होते, कुमुद, आता बरं वाटलं ना. काकांनी माझ्या हातात नवा नारळ दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरी, चूक आमची हाय. आमी इचारलं नाय, आमी मानून घेतलं." एवढा मोठा माणूस, मान खाली घालून उभा होता. मी पाया पडले. मला त्यांचा राग आलाच नव्हता तर माफ काय करायचं? त्यांनी जे मानलं ते मीही मानलं होतंच की, माझ्या घरात बसून, तुझ्याबद्दल. हे मी तिथे बोलले नाही. अंकिताच्या बापानं तुझ्याशी हात मिळवला. अंकिता बायकांत मागे बसली होती, तू बघितलं नसशील. तिच्या लग्नाचं पुढे काहीच नाही. तिला कोणी नारळ परत दिला नाही.

परवा वरच्या आळीतून बोलावणं आलं, कार्तिकातल्या लग्नाला. धवले म्हणायला या म्हणाले. बघते म्हटलं. काल दार लावून म्हणून बघितलं. शब्द सगळे आठवतात, गळाही चालतो, फक्त म्हणणारी दुसरीच कोणी असावी असं वाटतं. जाईन बहुतेक. हळद काय, माझं मन लागतंय का ते बघून थांबत नाही.

तू होतास त्या दिवसांचं मात्र लिहायचं आहे, समोर बोलता आलं नाही. तू चांगला वागलास. गॅसची नळी बदललीस, पंख्याचा आवाज घालवलास. मी तुझ्यासाठी बोंबलाचं कालवण केलं. आणि जेवताना तू मला म्हणालास, "ताय, मीठ घेऊ का?" आपल्या घरात, आपल्या ताटाला, तू मीठ विचारून घेतलंस. मी घे म्हणाले. मीही तुझ्या खोलीत झाडायला येताना दार वाजवत होते, हे तुझ्या लक्षात आलं असेल. आपण पाहुण्यांसारखे वागत होतो, भांडलोसुद्धा नाही. मला वाटतं भांडायला हवं होतं. मी ताटावर बसून विषय काढणार होते, पण तू पाणी प्यायलास आणि उठलास आणि मला सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं याचीच मला भीती वाटते.

केबलवाला नवा डबा बसवायला आला तेव्हाही तसंच. बिचारा मान वर करत नव्हता. दुरुस्तीसकट आणलाय, बाहेरची सोय बंद केलीय, आता काळजी नाही म्हणाला. मग मला म्हणाला, नवा पासवर्ड टाका. तू सोफ्यावर होतास. तू उठलास आणि बाहेर गेलास, नाक्यावर जाऊन येतो म्हणालास. खरं तर तुला नाक्यावर काही काम नव्हतं. मी पासवर्ड टाकला. तू आल्यावर विचारला नाहीस. परतीच्या गाडीचं तिकीट काढायचं होतं, ते तू स्वतःच्या फोनच्या नेटवर काढत बसलास, गच्चीत रेंज शोधत फिरलास, पण विचारला नाहीस. मी स्वयंपाकघरातून बघत होते. सांगावा असं अगदी ओठावर आलं होतं.

मग मी नाही सांगितला. तुला वाटलं असेल की तायनं अजून मनात ठेवलंय, म्हणून हे पत्र. तसं नाही रे. तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही, हे मी लिहू शकते, पण मार्चमध्येही मी असंच काहीतरी लिहिलं असतं. माझ्या मनाचा मला आता भरवसा नाही. पोलीस उद्या पुन्हा दारात आले तर हे मन पुन्हा तसंच करील, एक मिनिट लावणार नाही.

म्हणून तो पासवर्ड मला एकटीलाच माहीत असू दे. पुढे काही झालं तर ते माझ्यावर येईल आणि मी करणारी नाही हे मला माहीत असेल. तू शिमग्याला ये, चार दिवस राहा, तुझ्या फोनचं नेट वापर, राग मानू नकोस. तुझ्यावर संशय घ्यायला मी जागाच ठेवलेली नाही.

कुमुदताय